घर बांधताना अंगमेहनत कोठे करावी?

2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशातील घरासाठी 1,20,000 रुपयांचे साहाय्य ठरले व ठेकेदार नेमण्यास मनाई झाली. त्यामुळे भोंगवलीसारख्या गावी कामाची वाटणी कुटुंबालाच करावी लागते.

पाया खणणे, दगड-वाळू वाहणे व भराव चोपणे ही कामे शेजाऱ्यांच्या सावडीने घरीच करावीत. आखणी, लोखंडाची बांधणी व स्लॅब मात्र कसबी गवंड्याकडे सोपवावा. तेथील चूक वाचविलेल्या मजुरीहून महाग पडते. पोझोलाना सिमेंटचे काँक्रीट किमान 10 दिवस ओले ठेवावे. हे काम घरच्यांनीच नेटाने करावे.

घरची मेहनतही फुकट नसते. पेरणी-लावणी टाकून घरावर राबल्यास बचत होत नाही. म्हणून सुगीनंतर काम सुरू करून मृगापूर्वी पुरे करावे.