मोटारीचा पाणी-पंप घरीं उतरवितांना

एंजिनांत पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा मोठा हिस्सा पाण्याच्या द्वारें बाहेर काढावा लागतो. तापलेलें पाणी रेडिएटरमध्यें नेऊन, निववून परत आणणें हें पंपाचें काम. १९०८ पासून निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ जातीच्या बहुतेक गाड्यांना पंपच नसे. ऊन पाणी आपोआप वर चढे, थंड खालीं उतरे, एवढ्यावर भागे. पुणेकराला मात्र कात्रजचा नाहीं तर खंडाळ्याचा घाट चढावयाचा असतो. तेथें पंप थांबला आणि गाडी तशीच हांकली, तर सिलिंडरचें हेड वांकण्यास वेळ लागत नाहीं.

बिघाडाची खूण बहुधा जमिनीवर दिसते. पंपाच्या अक्षाजवळ एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलें असतें; आंतील सील झिजलें कीं तेथून पाणी ठिबकतें. हें छिद्रच बुजवून टाकणारे महाभागहि आहेत! मग पाणी बेअरिंगमध्यें शिरतें व पंखा डुलूं लागतो.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ‘पद्मिनी’ आतां बनत नाहीं, तरी हौशी घरांतून ती जपलेली आढळते. अशा जुन्या बांधणीच्या गाडीचा पंप घरीं उतरवितां येतो. मात्र एंजिन पूर्ण निवल्याखेरीज हात लावूं नये. समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवरील पुण्यांत उघडें पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतें. रेडिएटरच्या बंद झांकणाखालीं तें दाबामुळें ११० अंशांवरहि न उकळतां राहूं शकतें, आणि झांकण फिरवितांच उसळून तोंडावर येतें.

प्रथम बॅटरीची तार सोडावी. नंतर रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून पाणी घमेल्यांत घ्यावें. त्यांत ग्लायकोल असल्यास तें विषारी असतें, व गोडसर चवीमुळें कुत्रीं, क्वचित् मुलेंहि, त्याकडे वळतात. म्हणून घमेलें उघडें ठेवूं नये. डायनॅमोचे बोल्ट सैल करून पट्टा काढावा, मग पंखा, मग रबरी नळ्या. पंपाचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात; पुठ्ठ्यावर पंपाची आकृति काढून ते त्या त्या जागीं खोंचावे. पंप चिकटला असेल तर लांकडी हातोडीनें हलकेंच ठोकावें. पेंचकस खुपसून उचकटल्यास अल्युमिनियमवर चरे पडतात, व नवें गॅस्केटहि तेथें गळतें.

नवा पंप नाना पेठेंत शोधतांना जुना बरोबर न्यावा. बसवितांना बोल्ट समोरासमोरच्या जोडीनें, थोडे थोडे आवळावे. पाणी भरल्यावर झांकण न लावतां एंजिन थोडा वेळ चालवावें, म्हणजे कोंडलेली हवा निघून जाते.

अनेक नव्या गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. तो पट्टा एक दांता चुकला तरी एंजिन नीट चालत नाहीं, आणि फार चुकला तर कित्येक एंजिनांत व्हॉल्व्ह दट्ट्यावर आपटतात. असा पंप कारखान्यांतच सोंपवावा.