आधी कंबर, मग हात

पहाटे ५.१०

खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजतोय. म्हणजे मैदान गेलं. ऑगस्टमध्ये हे ठरलेलंच असतं, तरी रोज एकदा मनाला लागतं. आजचा सगळा सराव छपराखाली होणार: शेड, शाळेचा पॅसेज, पार्किंग, हॉल.

बॅग रात्रीच भरून ठेवली होती. अठ्ठावीस आणि बत्तीस इंची अशा ॲल्युमिनियमच्या दोन बॅटी, झाडूचा एक दांडा, जुन्या मोज्यांचे चाळीस बोळे, खडू, पाण्याच्या वीस लिटरच्या जारची पिशवीभर झाकणं आणि टी. चेंडू ठेवून मारायचा हा स्टँड मी घरीच जुळवलाय. खाली लाकडी फळी, मध्ये पीव्हीसी पाइप आणि वर गाडीच्या रेडिएटरचा रबरी होज. होज मऊ असतो, बॅट चुकून त्याच्यावर बसली तरी तुटत नाही. कुर्ल्याच्या भंगारात असे होज ढिगानं मिळतात.

मी मूळची जळगावची. जळगाव-अमरावतीकडे सॉफ्टबॉल मुरलेला आहे, शाळेतली मुलगी बॅट घेऊन घरी चालली तर तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. लग्नानंतर मुलुंडला आले आणि कळलं की इथे बॅट म्हटली की ती चपटीच. तेव्हापासून क्रिकेट खेळलेल्या हातांना गोल बॅट शिकवणं हेच माझं काम झालं.

सकाळी ६.००, मुलुंड

मैदानाच्या कडेच्या शेडखाली नऊ मुली आल्यात. पाऊस तिरका येतोय, म्हणून सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या.

पहिली दहा मिनिटं बॅट कुणाच्याच हातात नसते. प्रत्येकीला एक ओला पंचा देते आणि म्हणते, पिळा. मग विचारते, पाणी कधी निघालं? दोन्ही मुठी एकाच बाजूला फिरवल्या तर थेंबसुद्धा पडत नाही. एक मूठ इकडे आणि दुसरी तिकडे गेली की निघतं. स्विंगचं जोर काढण्याचं गणित हेच आहे. पुढचा पाय टेकतो, कंबर चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे उघडू लागते, आणि त्या क्षणी खांदे अजून मागेच असतात. कमरेखालचं अंग पुढे आणि वरचं मागे, असा पीळ पडतो. तो सुटला की खांदे येतात, त्यांच्यामागून हात आणि सगळ्यात शेवटी बॅटचं टोक. नव्या मुलींचं नेमकं उलटं होतं. हात आधी धावतात आणि कंबर मागून फरपटत येते.

मग टी. प्रत्येकीनं दहा चेंडू जाळीत मारायचे आणि बाजूला व्हायचं. शंभर-शंभर स्विंग मारून घेणं मला पटत नाही. विसाव्या स्विंगनंतर दमलेलं अंग आपल्या सोयीची वाट शोधतं आणि सरावानं तीच पक्की होते. दहा मारा, दोन मिनिटं दुसरीचे बघा, पुन्हा दहा मारा. बघण्यातून मुली जितक्या शिकतात तितक्या माझ्या बोलण्यातून शिकत नाहीत.

नववीतली एक मुलगी आहे, अंगानं काटक, नजर उत्तम. तिचा चेंडू जमिनीतच जातो. दहापैकी आठ वेळा टप्पा तिच्या पायापासून चार फुटांवर पडतो. चेंडूला बॅट लागते त्या क्षणी मुठीच्या टोकाशी असलेल्या हाताचा तळवा जमिनीकडे आणि दुसऱ्या हाताचा आकाशाकडे हवा. तिचं मनगट त्याआधीच उलटतं आणि बॅट चेंडूच्या डोक्यावरून घसरते. गेला महिनाभर मी तिला एकच सांगतेय, मनगट फिरवू नकोस. आज ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी फिरवत नाही. ते आपोआप फिरतं."

मी मोबाइल काढून तिचे सहा स्विंग स्लो मोशनमध्ये टिपून घेतले.

सकाळी ८.२५, मुलुंड स्टेशन

स्लो लोकलच्या लेडीज डब्यात बॅग वर ठेवायला जागा नाही, पायाशी उभी केली. शेजारच्या काकूंनी बॅटची मूठ पाहून विचारलं, "मुलाची का?" म्हटलं, माझीच. त्यांनी सरकून जागा करून दिली.

स्टान्स शिकवायला लोकलसारखी जागा नाही. दांडा न धरता उभं राहिलेल्या बाईकडे बघा. गुडघे किंचित वाकलेले, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, भार टाचांवर नसून चवड्यांवर. गाडीनं धक्का दिला तरी डोकं जागचं हलत नाही. मुलींना मी सांगते, कांजूरमार्ग ते विक्रोळी असं उभं राहून दाखवा. जमलं की स्टान्स आला.

सकाळी ९.१५, घाटकोपर

आठवीचा पी.टी.चा तास, पस्तीस मिनिटांचा. पॅसेज चांगला लांब, पण एका बाजूला सातवीचा गणिताचा वर्ग चालू असल्यामुळे चेंडूंऐवजी मोज्यांचे बोळे.

इथली मुलं हाडाची क्रिकेटवाली. बॅट हातात आली की पहिल्यांदा जमिनीवर टकटक करतात. फटका मारला की बॅट घेऊनच पहिल्या बेसकडे पळतात, क्रीजमध्ये टेकवायची सवय. ती हातातून खाली सोडायला शिकण्यातच दोन तास जातात.

मुठींच्या नावांचा गोंधळ तर सुरुवातीला माझाही व्हायचा. उजव्या हाताच्या बॅट्समनचा डावा हात दोन्ही खेळांत दांड्याच्या टोकाशीच असतो. पण क्रिकेटची बॅट खाली लोंबते म्हणून तो हात 'वरचा', आणि आमची बॅट खांद्यापाशी उभी असते म्हणून तोच हात 'खालचा'. क्रिकेटच्या कोचनं वरच्या हातानं खेळ म्हणायचं आणि मीही तेच म्हणायचं, तर पोरानं ऐकायचं कुणाचं? म्हणून मी वर-खाली म्हणणं सोडलं. टोकाचा हात आणि आतला हात, एवढंच.

क्रिकेट विसरा, असं मी कुणाला सांगत नाही. विसरता येत नाही आणि विसरायची गरजही नाही. त्यांना पुल ठाऊक असतो. मी म्हणते, कमरेच्या उंचीचा शॉर्ट बॉल आलाय, मिडविकेटला भिरकाव. अंग आपोआप फिरतं, मागची टाच उचलली जाते, पोट पिचरकडे येतं. "आता हेच, फक्त टप्पा पडायची वाट बघू नकोस." अर्ध्या वर्गाचा स्विंग या एका वाक्यावर उभा राहतो.

अडतं ते रुंदीपाशी. क्रिकेटची बॅट १०.८ सेंटीमीटरपर्यंत रुंद आणि चपटी असते. बेसबॉलची जास्तीत जास्त ६.६ सेंटीमीटर जाड आणि गोल, सॉफ्टबॉलची त्याहून बारीक, ५.७. चपट्या बॅटला चेंडू बोटभर वरखाली लागला तरी धाव निघते. गोल बॅटवर बोटभर चूक म्हणजे वर उडालेला झेल किंवा पायाशी मेलेला चेंडू.

एका मुलानं विचारलं, "मॅडम, मुंबईची टीम आहे ना बेसबॉलची?" आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईत बेसबॉल युनायटेड ही लीग सुरू झाली, तिच्यात मुंबई कोब्राज खेळले. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट, बेसबॉल, सॉफ्टबॉल हे तिन्ही खेळ आहेत. ते ऐकून पोरं क्षणभर गप्प झाली. मला त्यांचं ते गप्प होणं फार आवडलं.

दुपारी १२.१०

घाटकोपर ते अंधेरी मेट्रो. स्कॅनरवर बॅग उघडून दाखवली. टी पाहून प्रत्येक नवा गार्ड हे काय म्हणून विचारतो, आणि मी दर वेळी नीट समजावून सांगते. तेवढीच एका माणसाला खेळाची माहिती होते.

दुपारी १२.४५, अंधेरी

डबा उघडला, शेवभाजी आणि पोळी. एका हातानं जेवत सकाळचे व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत पाहिले.

पहिल्या तीन स्विंगमध्ये काही दिसलं नाही, कारण मी मनगटच बघत होते. चौथ्या वेळी मनगटावर अंगठा ठेवून ते झाकलं आणि कंबर पाहिली. तिथे सगळं सापडलं. तिचा पुढचा पाय टेकतो आणि त्याच क्षणी छाती पुढे पडते. कंबर उघडतच नाही. मग हातांना एकट्यानं चेंडू गाठावा लागतो, ते बॅट लागायच्या आधीच पुरते ताणले जातात, आणि ताणून संपलेल्या हातांना उलटण्यावाचून वाट उरत नाही. मनगट खरंच आपोआप फिरत होतं. ती खरं सांगत होती आणि मी महिनाभर तिला परिणामाबद्दल बोलत राहिले.

जेवण तसंच ठेवून वहीत लिहिलं: टी एक वीत मागे. पाय टेकल्यावर थांबा.

दुपारी ३.००, अंधेरी

सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, सात लहान मुलं आणि दोन्ही बाजूंना गाड्या. इथेही बोळेच. एकानं गुडघ्यावर बसून बाजूनं हलकेच उडवायचा आणि दुसऱ्यानं जाळीत मारायचा, हा सॉफ्ट टॉस.

नंतर क्रिकेटच्या अंडर-१९ चा एक मुलगा येतो. त्याला षटकार लांब मारायचेत आणि ट्वेन्टी-२० च्या जमान्यात त्याची मागणी रास्त आहे. अमेरिकेच्या बेसबॉलपटू टेड विल्यम्सबद्दल त्याला सांगितलं. १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी राखणाऱ्या या बॅटरनं आपल्या पुस्तकात स्ट्राइक झोनचे, म्हणजे चेंडू मारण्याजोगा ठरतो त्या चौकटीचे, सत्त्याहत्तर चेंडूंएवढे कप्पे पाडले आणि कुठल्या कप्प्यात आपण किती चांगले मारतो याचा हिशेब मांडला. त्याचं दुसरं म्हणणं असं की पिचर दहा इंचांच्या उंचवट्यावरून टाकतो, चेंडू उतरत येतो, तर स्विंगही किंचित चढता हवा. मुलाला ते लगेच पटलं. माझ्या मुलींना मात्र मी हे जसंच्या तसं सांगत नाही. सॉफ्टबॉलची पिचर सपाट जमिनीवरून, हात खालून फिरवून टाकते, आणि तिचा राइज बॉल वरच्या अंगानं येतो. त्याला चढता स्विंग दिला की बॅट खालून निघून जाते. आमचा स्विंग जास्त सपाट हवा. बेसबॉलचे व्हिडिओ बघून आलेल्या मुलींना हे पटवून द्यायला वेळ लागतो.

संध्याकाळी ५.३०, बोरिवली

आजची सगळ्यात आवडती बॅच. शाळेचा हॉल, मोठी मुलं-मुली मिळून चौदा.

बॅटी बाजूला, झाडूचा दांडा हातात आणि समोरून निळी झाकणं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये गल्लीतली मुलं हाच खेळ खेळतात. पाण्याच्या जारचं झाकण भिरकावायचं आणि झाडूच्या दांड्यानं मारायचं. त्याचं नाव विटिया. विटी-दांडूच्या मुलखात हे नाव ऐकलं की मुलं खूश होतात. अमेरिकेत नावाजलेले कितीतरी डॉमिनिकन बॅटर याच खेळातून आले. झाकण हवेत डुलतं, वळतं, अचानक बुडतं. बारीक दांड्यानं ते गाठायचं तर डोकं स्थिर लागतं आणि घाई करून चालत नाही. मुंबईत प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक दुकानात रोज अशी झाकणं कचऱ्यात जातात. मला ती बघून हळहळ वाटते.

वेळेचा हिशेब मी त्यांना फळ्यावर मांडून दाखवते. बेसबॉलचा पिचर ६० फूट ६ इंचांवरून ताशी १४५ किलोमीटर वेगानं टाकतो, तेव्हा चेंडू यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. त्यातला जवळजवळ ०.१५ सेकंद खुद्द बॅट फिरण्यात जातो. बायकांच्या सॉफ्टबॉलमध्ये वेग कमी, पण अंतरही ४३ फूटच, त्यामुळे हातात येणारा वेळ फारसा वाढत नाही. उरलेल्या वेळात बघायचं, ओळखायचं आणि ठरवायचं. स्विंग आखूड का हवा, हे या आकड्यांतून कळतं. हात अंगापासून लांब फेकून मोठा वळसा घेतला, तर तेवढं आधी ठरवावं लागतं, म्हणजे तेवढं कमी बघून ठरवावं लागतं.

मग दुपारची वही काढली. इथल्या एका मुलाचंही मनगट असंच उलटतं. टी एक वीत मागे घेतली. म्हटलं, पाऊल टाक, टेकव आणि तिथेच थांब. हात मागे आहेत का बघ. आता आधी कंबर, मग मार. पहिले पाच अवघडलेले, यंत्रासारखे गेले. सहाव्याला जाळीतून वेगळाच आवाज आला, भरीव. चेंडू जाळीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सर, हा लागल्यासारखाच वाटला नाही," म्हणाला. बोरिवलीची मुलं घाईत मलाही सर म्हणतात. बरोबर लागलेल्या चेंडूचा हाताला धक्का बसत नाही. त्याला ते पहिल्यांदाच कळलं होतं.

नंतरच्या दहापैकी चार तसे गेले. एका संध्याकाळसाठी चार पुष्कळ झाले.

रात्री ८.००

बोरिवली ते अंधेरी लोकल, मग मेट्रो, मग घाटकोपरहून पुन्हा लोकल. कसारा गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती, मागची स्लो घेतली.

रात्री १०.१५, मुलुंड

नववीतल्या मुलीच्या आईला मेसेज केला: उद्या तिला पंधरा मिनिटं आधी पाठवाल का? तिच्या मनगटाचा काही दोष नाही, तिला तसं सांगा.

थोड्या वेळानं मुलीचाच व्हॉइस मेसेज आला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "मॅडम, मग दोष कशाचा आहे?"

मी गॅलरीत गेले. फरशीवर खडूनं दोन पावलं काढली, पुढच्या पावलाच्या रेषेत टीची आजवरची जागा आणि तिच्या एक वीत मागे नवी खूण. लाटणं हातात घेऊन हळू पाऊल टाकलं, टेकवलं, थांबले, आणि कंबर उघडू दिली. फोटो काढून तिला पाठवला. खाली लिहिलं: या दोन पावलांवर उभी राहा. पाय टेकल्याचा आवाज ऐक. मगच कंबर.

पाऊस थांबला होता. बॅगेतले बोळे ओले झालेत, ते दोरीवर वाळत घालायचे आहेत.