कमळाची गुलाबी छटा

बनारसच्या गुलाबी मीनाकारीत, म्हणजे धातूवर मीना हा काचेचा रंग भाजून चढवण्याच्या कलेत, कमळ पुन्हा पुन्हा भेटते. गंगाकाठच्या नगरीत ते श्रद्धेतून आले, असे कोणी म्हणेल. ते खरेच, पण श्रद्धा फूल सुचवते, त्याची छटा तंत्रातून येते. जयपुरी मीनाकारीत कोरलेल्या खाचांत मुख्यतः पारदर्शक लाल-हिरवा मीना भरून भाजतात. बनारसी कारागीर सोन्या-चांदीवर आधी पांढरा मीना भाजतो, त्यावर कुंचल्याने गुलाबी रंगवतो आणि पुन्हा भाजतो. म्हणूनच पाकळी टोकाशी गडद, मुळाशी फिकट करता येते. बनारसी कामात कमळाखेरीज मोर आणि मासेही आहेत, हा आक्षेप रास्त. पण त्यांनाही खुलवते ती हीच छटा. २०१५ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पण जपायला हवे ते कुंचल्याचे हे कौशल्य, नुसता नमुना नव्हे.