बिनतारी विमानासाठीं इंजिन कोणतें घ्यावें?

अहमदनगर म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर. तेथील वाहन संशोधन व विकास संस्थेचें नांव निघालें कीं रणगाडे आणि लष्करी मोटारी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आकाशाशीं तिचा कांहीं संबंध असेल असें सहसा मनांत येत नाहीं. तथापि ५ एप्रिल २००९ रोजीं कोलारनजीकच्या एका जुन्या धांवपट्टीवरून ‘निशांत’ हें वैमानिकाशिवाय उडणारें विमान वर चढलें, तेव्हां त्याच्या इंजिनाची प्रज्वलनाची व इंधनाची व्यवस्था नगरच्या या संस्थेनें केलेली होती. इंजिनाचा गाभा बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनें घडविला होता. विमान १.८ किलोमीटर उंचीपर्यंत गेलें आणि सुमारें चाळीस मिनिटांनीं सुखरूप उतरलें. तोंपर्यंत ‘निशांत’ला परदेशी इंजिनावर अवलंबून राहावें लागत होतें.

‘निशांत’चें वजन सुमारें ३८० किलो, शाळकरी मुलगा गच्चीवर बसून जुळवितो त्या विमानाचें दोन-अडीच किलो. परंतु इंजिन निवडतांना दोघांपुढें प्रश्न एकच उभा राहतो: किती वजनांत किती जोर, आणि तो किती वेळ?

दुकानांत गेलेला गृहस्थ बहुधा सर्वांत मोठें इंजिन मागतो. शक्ति जादा असलेली बरी, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. इंजिन जड झालें कीं नाक खालीं झुकतें. तोल साधण्यासाठीं शेपटाला शिसें बांधावें लागतें. एकूण वजन वाढलें कीं विमानाला अधिक वेगानें उतरावें लागतें, आणि शिकाऊ हातांतील विमान मोडतें तें बहुधा उतरतांनाच. पांच फूट पंखांच्या, अडीच किलोच्या शिकाऊ विमानाला साडेसहा घन सेंटिमीटरचें, सुमारें एक अश्वशक्तीचें, दोन टप्प्यांचें इंजिन पुरेसें होतें. त्याला दहा इंच व्यासाचा, सहा इंच आट्याचा पंखा शोभतो.

या लहान इंजिनांत ठिणगी पाडणारें यंत्र नसतें. प्लॅटिनमची एक बारीक तार आरंभीं विजेरीनें तापवितात. पुढें मेथिल अल्कोहोलच्या संयोगानें व दाबाच्या उष्णतेनें ती आपोआप तप्त राहते. रे आर्डेन या अमेरिकन कारागिरानें १९४७ च्या सुमारास ही तार बाजारांत आणली आणि विमानांतून बॅटरी, कॉइल व कंडेन्सर यांचें ओझें उतरलें. वंगणासाठीं इंधनांत एरंडेल मिसळतात. मुलांच्या पोटांतून हद्दपार झालेलें एरंडेल त्यांच्या खेळण्यांत असें टिकून राहिलें आहे.

येथें नगरकरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच आहे. तेथील हवा मुळांतच विरळ. वैशाखांत पारा ४० अंशांवर गेला कीं ती आणखी विरळ होते. समुद्रकांठच्या १५ अंशांच्या हवेशीं तुलना केली तर अशा दुपारीं हवेची घनता शेंकडा सुमारें पंधरा कमी भरते. इंजिनाचा जोर त्याच मानानें घटतो, पंखांना मिळणारा आधारही घटतो. तेव्हां इंधनाची सुई पुण्या-मुंबईच्या मापानें न लावतां त्या दिवसाच्या हवेप्रमाणें लावावी, आणि उड्डाण सकाळीं करावें.

मग विजेची मोटर कां घेऊं नये? नवख्यानें ती अवश्य घ्यावी. तीत धूर नाहीं, तेल नाहीं. फक्त ती फार वेळ चालत नाहीं. एक किलो पेट्रोलांत जेवढी ऊर्जा असते तिचा पन्नासावा हिस्साही एक किलो विजेरींत मावत नाहीं. दहा मिनिटांच्या खेळाला हें चालतें. साडेचार तास टेहळणी करणाऱ्या ‘निशांत’ला तें परवडणारें नव्हतें.

त्याला दट्ट्यांचें नेहमींचें इंजिनही नको होतें. दट्ट्या वरखालीं आपटतो, त्याचा हादरा कॅमेऱ्याला बसतो. म्हणून फेलिक्स व्हँकेल या जर्मन अभियंत्याची रीत घेतली गेली. या इंजिनांत तीन कोनांचा गोळा कोठडींत फिरतो. त्याची एक फेरी होते तेव्हां दांड्याच्या तीन फेऱ्या होतात, आणि दांड्याच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो. यामुळें कंप थोडा आणि वजनाच्या मानानें जोर भरपूर. नगर-बंगलोरचें इंजिन सुमारें तीस किलोचें होतें. दोषही आहेत: इंधन अधिक लागतें, आणि गोळ्याच्या कोनांवरील पट्ट्या झिजतात. कोठडीला निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा लेप द्यावा लागला तो याच झिजेपायीं. जपानच्या ओएस कंपनीनें व जर्मनीच्या ग्राउपनरनें अशाच रीतीचें पांच घन सेंटिमीटरचें चिमुकलें इंजिन हौशी लोकांसाठींही काढलें होतें. तें संग्रहाला उत्तम. पहिल्या विमानाला मात्र घेऊं नये.

चांगलें इंजिन मिळालें म्हणजे विमान यशस्वी झालें असेंही नव्हे. लष्करानें घेतलेलीं चारही ‘निशांत’ विमानें २०१५ पर्यंत अपघातांत गेलीं.

मुलाच्या हातीं इंजिन देतांना वडिलांनीं स्वतः जवळ उभें राहावें. पंखा मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतो. तो बोटानें फिरवूं नये, लांकडी दांडक्यानें फिरवावा, आणि सुई पंखाच्या मागें उभें राहून लावावी. नगरच्या आसपास लष्कराची जमीन पुष्कळ आहे. म्हणून मैदान निवडण्यापूर्वीं सरकारी नकाशांत उड्डाणास मनाई असलेला भाग पाहून घ्यावा, व विमान नजरेच्या टप्प्यांतच ठेवावें.