डोळ्यातील सूक्ष्म दारे आणि रातांधळेपणा

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराचा गाभारा सभामंडपाच्या पातळीखाली आहे. भर उन्हातून येऊन पायऱ्या उतरणाऱ्या भाविकास प्रथम काहीच दिसत नाही. थोड्या वेळाने पिंडी स्पष्ट होऊ लागते. उल्हासनगर, बदलापूरच्या दुकानांतील पोटमाळ्यांवर हाच अनुभव येतो. काही मुलांना मात्र कितीही थांबले तरी अंधुक उजेडात नीट दिसत नाही. घरचे त्यांना भित्रे किंवा धांदरट ठरवितात. वास्तविक दोष स्वभावाचा नसून दृष्टिपटलाचा असू शकतो.

दृष्टिपटलात मंद प्रकाशासाठी सुमारे १२ कोटी शलाका पेशी, तर रंग व बारकावे टिपण्यासाठी सुमारे ६० लाख शंकू पेशी असतात. प्रकाश पडला की या पेशी कामाला लागतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात व्यवहार उलटा चालतो. पेशीच्या टोकाशी कॅल्शियमच्या वाहिन्या, म्हणजे प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. अंधारात ती उघडी राहतात. आत येणाऱ्या कॅल्शियममुळे ग्लुटामेट हे रसायन पुढील पेशीकडे अखंड सोडले जाते. प्रकाश पडताच पेशीतील विद्युतदाब बदलतो, दारे मिटू लागतात आणि ग्लुटामेटचा ओघ घटतो. ही घट हाच पुढील पेशीला मिळणारा निरोप होय. नेहमीच्या गिऱ्हाइकाची उचल एकाएकी कमी झाली, तर जाणता व्यापारी त्यावरूनच काय ते ओळखतो, तसेच हे आहे.

या दारांच्या घडणीचा एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. त्यातील दोषामुळे एका प्रकारचा जन्मजात रातांधळेपणा येतो, हे १९९८ साली उघड झाले. सदोष वाहिन्यांमुळे शलाका व शंकूंचा निरोप पुढे नीट पोहोचत नाही. अशा मुलांत लघुदृष्टी, बुबुळांची थरथर, कमी दृष्टी किंवा उजेडाचा त्रासही आढळतो. हा दोष सहसा वयानुसार वाढत नाही.

कुटुंबात अशा वेळी आईला बोल लावला जातो. तो अन्याय आहे. आई वाहक असल्यास प्रत्येक मुलाला दोष येण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. बाधित पित्याचा दोष मुलाकडे जात नाही. त्याच्या सर्व मुली मात्र वाहक होतात. यात कोणाचेच कर्तृत्व वा अपराध नसतो.

रातांधळेपणाचे प्रत्येक कारण मात्र असे नसते. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेला रातांधळेपणा वेळीच उपचार केल्यास बरा होतो. काही विकारांत दृष्टी क्रमाक्रमाने घटत जाते. त्यामुळे घरगुती अंदाजावर विसंबू नये. नेत्रतज्ज्ञ आवश्यकतेनुसार दृष्टिपटलाचा विद्युतआलेख काढण्यास सांगतात. ही सोय मुंबईतील मोठ्या नेत्ररुग्णालयांत आहे. वाहिनीच दोषी असेल, तर कॅल्शियमच्या गोळ्यांनी ती सुधारत नाही. तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या कॅल्शियम वाहिन्यांवर काम करतात, एवढ्यावरून घाबरून त्या स्वतःहून बंद करणे धोक्याचे ठरते.

जन्मजात दोषावर आज खात्रीचे औषध नाही. परंतु योग्य चष्मा, वर्गात पुढची जागा, जिन्यावर व पोटमाळ्यावर भरपूर दिवे आणि सायंकाळनंतर दुचाकी न सोपविण्याचा विवेक, एवढ्याने मुलाचे शिक्षण व व्यवसाय निर्वेध चालू शकतात. निदान लवकर झाले, तर बोलणी खाण्याऐवजी मूल आत्मविश्वासाने वाढते.