सन त्झूचा जमाखर्च

रेअर अर्थ मॅग्नेटचा विषय निघाला की टीव्हीवरच्या चर्चेत कुणीतरी सन त्झूला ओढून आणतंच. 4 एप्रिल 2025 रोजी चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यं आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जुलैत बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी चुंबकांअभावी ऑगस्टमध्ये चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं सांगितलं. तेव्हापासून ‘एकही गोळी न झाडता जिंकणारे चिनी’ हा तज्ज्ञ मंडळींचा लाडका विषय झाला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा सेनापतीच जणू बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयात बसून फायलींवर सह्या करतोय, असा एकूण सूर.

या सन त्झूला आपण ओळखतो ते हॉलिवूडच्या आणि मॅनेजमेंटच्या वाटेने. 1987च्या ‘वॉल स्ट्रीट’ सिनेमात गॉर्डन गेको त्याचा दाखला देतो. शेअर दलाल, सेल्सवाले, फुटबॉलचे कोच असे सगळेच त्याचे शिष्य. समोरच्याला कसं चकवावं, एवढंच या शिष्यांना त्यातून हवं असतं. पण जेमतेम तेरा प्रकरणांचं त्याचं ‘आर्ट ऑफ वॉर’ हे पुस्तक सलग वाचायला घ्या. पहिल्या प्रकरणात चकवाचकवी आहे, खरं. दुसऱ्यात मात्र लेखक थेट खतावणी उघडून बसतो.

एक लाखाची फौज हजार ली अंतरावर न्यायची, तर काय काय लागेल? हलके रथ, सामानाचे जड रथ, धान्य, पाहुण्या दूतांची बडदास्त. इतकंच काय, रथ-चिलखतांच्या डागडुजीला लागणारा सरस आणि लाखेचं रोगणसुद्धा तो विसरत नाही. बेरीज रोजची हजार सोनं. शत्रूच्या मुलखात मिळालेलं एक गाडी धान्य घरून आणलेल्या वीस गाड्यांच्या बरोबरीचं, कारण उरलेलं वाटेत वाहणारेच खातात. तिसऱ्या प्रकरणात वेढ्याचा हिशेब: साधनं जमवायला तीन महिने, मातीचे चढाव रचायला आणखी तीन, आणि उतावळ्या सेनापतीने माणसं तटावर चढवली तर तिसरा हिस्सा फौज गारद होऊनही शहर हाती नाहीच. (मराठ्यांचे किल्ले घेत दख्खनमध्ये पाव शतक काढणाऱ्या औरंगजेबाला हे कुणी वाचून दाखवायला हवं होतं.) शेवटचं प्रकरण हेरांचं. तेही खर्चानेच सुरू होतं. लाखाची फौज बाहेर पडली की सात लाख घरांची शेती खोळंबते. असं असताना हेराच्या बक्षिसात कंजुषी करणारा राजा त्याच्या लेखी निव्वळ निर्दय.

न लढता जिंकण्याची त्याची ओढ इथून येते. त्यात अहिंसा नाही आणि गूढ पौर्वात्य शहाणपण तर नाहीच. लढाई परवडत नाही, बस्स. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात, ते त्याला चटकन पटलं असतं. दाव्यात बाजू खरी असली तरी वीस वर्षांच्या तारखा आणि वकिलाची फी कुणी भरायची?

सन त्झू नावाचा माणूस होऊन गेला की नाही, यावर अभ्यासक अजून भांडतात. 1972 साली शांतुंग प्रांतात यिन्चुएशानच्या हान काळातल्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर त्याचा ग्रंथ मिळाला. सोबत सुन बिन या दुसऱ्या युद्धशास्त्र्याचा हरवलेला ग्रंथही निघाला. दोन पुस्तकं वेगळी हे त्याने ठरलं, बाकी वाद चालू आहे.

मला त्या वादाहून महत्त्वाचा वाटतो झाओ कुओ. युद्धशास्त्र वाचणाऱ्या प्रत्येकाने आधी त्याची गोष्ट वाचावी. झाओ राज्यातल्या नामवंत सेनापतीचा हा मुलगा. लहानपणापासून युद्धशास्त्र तोंडपाठ. वादात बापालाही हार जात नसे. बाप म्हणे, लढाई ही मरणाची जागा, आणि हा पोरगा तिच्याबद्दल फार सहज बोलतो. इसवी सनपूर्व 260 मध्ये छांगफिंगला झाओ आणि छिन या राज्यांच्या फौजा समोरासमोर अडून बसल्या होत्या. झाओचा म्हातारा सेनापती लिआन फो तटबंदीआडून हलेना. छिनने हेरांकरवी आवई उठवली की आम्हाला धास्ती आहे ती फक्त झाओ कुओची. राजाने ती खरी मानली आणि लिआन फोच्या जागी झाओ कुओला नेमलं.

आता झाओ कुओची आई राजाकडे गेली. इतिहासकार सिमा छिएनने तिचं म्हणणं नोंदवलं आहे. त्याच्या वडिलांना मिळालेलं इनाम ते शिपाई-अधिकाऱ्यांत वाटून टाकत. हा सोनं-रेशीम घरी आणून ठेवतो आणि स्वस्तात कुठली जमीन, कुठलं घर मिळेल ते रोज बघत फिरतो. याला पाठवू नका. राजा ऐकेना, तेव्हा तिने निदान पुढच्या अपयशाची शिक्षा आपल्याला होऊ नये, एवढं कबूल करून घेतलं. मुलगा चालून गेला, छिनची फौज मुद्दाम मागे हटली, रसद तुटली. सेहेचाळीस दिवस उपाशी राहून झाओ कुओ बाणांनी मेला आणि शरण आलेली फौज मारली गेली. सिमा छिएन आकडा चार लाखांवर नेतो. तो फुगवलेला असू शकतो, पण 1995 साली तिथे उकरलेल्या खड्ड्यांत हाडांचे ढीग सापडले, ते खरेच.

गंमत अशी, की लढाई लांबवू नये हा सन त्झूचा नियम राजाने अक्षरशः पाळला होता. धान्य संपत आलं होतं, थांबणं महाग पडत होतं. बिनतक्रार थांबलेला लिआन फोच पुस्तकाबाहेरचा. सुविचारासारखी तोडून घेतलेली वाक्यं दोन्ही बाजूंना वापरता येतात, म्हणूनच ती पॅनेलवर इतकी खपतात.

चुंबकांचंही तेच. चीनने न लढता जिंकलं म्हणणाऱ्यांनी खर्चाचं पान उलटावं. अंतर्मंगोलियात बायान ओबोच्या खाणी आणि पाओथौजवळचं विषारी गाळाचं तळं, ही दशकांची किंमत चीनने आधीच मोजली आहे. शिवाय हे हत्यार वापरलं की समोरचा पर्याय शोधतो. 2010 साली सेनकाकू बेटांच्या वादावरून चीनकडून जपानला होणारा पुरवठा अडला. जपानने ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा ओतला आणि चीनवरचं अवलंबित्व पुष्कळ खाली आणलं. तरी 2025 साली तोही पूर्ण मोकळा नव्हताच.

भारत आत्ता तिथून सुरुवात करतोय. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2025 मध्ये 7,280 कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला 6,000 टन चुंबकांची क्षमता, मुदत सात वर्षं, त्यातली पहिली दोन कारखाने उभारण्यातच जाणार. चीनपेक्षा महाग पडणारं हे देशी चुंबक अनुदान संपल्यावर स्कूटरवाले विकत घेतील का, हा प्रश्न मात्र अजून एकाही पॅनेलवर ऐकायला मिळालेला नाही.