नोकरीवर परतायचं म्हणून अंगावरचं तोडायचं?

"अगं, रुजू व्हायच्या महिनाभर आधीच तोड. नंतर पोर ऐकायचं नाही, आणि तुझेही हाल होतील."

बाळंतपणाची रजा संपत आली की हे कुणी ना कुणी म्हणतंच. कधी आई, कधी सासूबाई, कधी ऑफिसातली दोन पोरांची मैत्रीण. सांगणारीच्या मनात माया असते, म्हणून तिला खोडून काढणं जड जातं. पण सल्ला चुकीचा आहे. तो ऐकून चार महिन्यांच्या बाळाचं दूध बंद केलेल्या इतक्या जणी भेटल्या आहेत की आता राग येतो.

चार महिनेच का, ते बघा. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ऐकायला ते सहा महिने वाटतात. पण पोट अवघडलं की काही आठवडे आधीच जातात; आठपर्यंत तशी मुभाही आहे. चार आठवडे आधी घेतले तर उरले २२. म्हणजे आई कामावर जाते तेव्हा बाळ जेमतेम पाच महिन्यांचं. त्याच्या महिनाभर आधी तोडायचं, तर बाळ चार महिन्यांचं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, वरचं पाणीसुद्धा नको. पुढे जेवणासोबत दोन वर्षं आणि त्यानंतरही पाजा. दुसरं काहीही द्यायचं नाही त्याच महिन्यात आपण बाळाचं दूध काढून घेतो, आणि त्याला तयारी म्हणतो!

या सल्ल्याच्या मुळाशी एक समजूत आहे: पाजायचं तर दिवसभर, नाहीतर अजिबात नाही. शरीर असं चालत नाही. जितकं दूध बाहेर निघतं, तितकं नवं तयार होतं. दुपारचं पाजणं कमी झालं की काही दिवसांत दुपारचं दूध कमी होतं. सकाळ-संध्याकाळचं सुरू राहतं. रात्री तर दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक अधिक असतं, म्हणून रात्रीचं पाजणं फार मोलाचं. लोकलचा प्रवास धरून आई अकरा तास बाहेर असली तरी तेरा तास घरी असते. निघण्यापूर्वी, आल्याबरोबर, झोपताना, रात्री आणि पहाटे असं चार-पाच वेळा पाजणं सहज होतं. आई दिवसा नसली की बरीच बाळं आपणहून रात्री जास्त पितात. त्याला वाईट खोड म्हणू नका. बाळ आपली भूक भरून काढत असतं.

उरला दिवस. त्यासाठी दूध काढून ठेवायचं. पंप असेल तर छान, नसला तरी अडत नाही. हात स्वच्छ धुवा. अंगठा आणि बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे आणा, सोडा. उकळून घेतलेली झाकणाची स्टीलची वाटी पुरते. कामावर दर तीनेक तासांनी काढलं तर छाती दाटत नाही आणि दूधही टिकतं.

"काढलेलं दूध नासतं, त्यात सत्त्व उरत नाही," हे लगेच ऐकू येईल. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. मातांनी काढून दिलेलं दूध तिथे ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, अगदी नाजूक बाळांना देतात. त्यांना जे चालतं, ते तुमच्या धडधाकट बाळाला का बाधेल? स्वतःच्या बाळासाठी तर ते तापवावंही लागत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचं प्रमाण असं: २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या थर्मल डब्यात २४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस. आपल्या उन्हाळ्यात ते ४ तास धरूच नका. काढलं की थंडीत ठेवा, फ्रिजच्या दारात नको, आत मागे. देताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, वाटी कोमट पाण्यात ठेवा. वर साय दिसली तर ते फाटलेलं नाही, हलवलं की मिसळतं.

तेव्हा महिनाभर आधी तयारी जरूर करा, पण ती वाटी-चमच्याची किंवा बोंडल्याची. बाळाला सांभाळणाऱ्या व्यक्तीने पाजावं, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत असावं. आईचा वास आला की बाळ वाटीला तोंड लावत नाही.

आणि हक्क मागा. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ दिला. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा, ही २०१७ची दुरुस्ती. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या गोष्टी आहेत. संडासात उभं राहून दूध काढायला लावणं ही कुठल्याच ऑफिसला शोभणारी गोष्ट नाही. घरकाम करणारीला, बांधकामावरच्या मजूर बाईला हा हक्क मागायला जागाच नसते. दूध पावडरीचा खर्च आणि अशुद्ध पाण्याने होणारे जुलाब तिलाच सर्वांत जड जातात, म्हणून "तोड" हे तिला तर मुळीच सांगू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"उन्हातून आलीस, दूध तापलंय, आधी पिळून टाक." अंगातलं दूध उन्हाने तापत नाही आणि दिवसभर राहून शिळंही होत नाही, आल्या आल्या पाजा.

"सहा महिन्यांनंतर नुसतं पाणी येतं." ६ ते १२ महिन्यांत बाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्मी किंवा जास्त याच दुधातून मिळू शकते, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश.

"पंपात इतकंच आलं, म्हणजे दूध कमी आहे." बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं, लघवी आणि वजन बघा, बाटलीवरच्या खुणा नको.

"तोडलं तर गाईचं दूध द्यायचं." वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको, लोह कमी पडतं, डॉक्टरांना विचारून फॉर्म्युला द्या.

काही जणींना खरंच थांबायचं असतं: औषधं, थकवा, किंवा आता पुरे असं वाटणं. तो निर्णय त्यांचा आहे, त्याबद्दल कुणी त्यांना बोल लावू नये. फक्त एका दिवसात तोडू नका. कडू पाला लावणं, छाती घट्ट बांधणं, बाळाला आठवडाभर आजोळी पाठवणं, यातलं काही करू नका; छाती दगडासारखी होते, गाठी येतात. दर चार-पाच दिवसांनी एक पाजणं कमी करा, दुपारचं आधी, झोपतानाचं सगळ्यात शेवटी. भरून आलं तर आराम पडेल इतकंच काढा. छाती लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि ते थांबायला सांगत नाहीत तोवर त्या बाजूने पाजत राहा.